पाहणारे हजारो, निर्णय घेणारा एक

मोबाइल, रील आणि सामाजिक चळवळ या विषयावर वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे.

प्रश्न : मानखुर्दच्या एका वस्तीत आमचा तरुणांचा गट काम करतो. वस्तीतील मोजक्याच घरांना पाण्याची अधिकृत जोडणी आहे. बाकीची कुटुंबे ड्रमने पाणी विकत घेतात. आम्ही या प्रश्नावर रील करायला सुरुवात केली. त्यांपैकी एक रील खूप चालली, एका वाहिनीनेही ती दाखवली, परंतु पाणी आले नाही. गटातील काही जणांचे म्हणणे आहे की रीलचा नाद सोडून सरळ मोर्चा काढावा. आमचे नेमके कुठे चुकते? – एक वाचक, मानखुर्द

उत्तर : आपली रील ज्यांनी पाहिली, त्यांच्यापैकी जवळजवळ कोणालाही आपल्या गल्लीत जलवाहिनी टाकण्याचा अधिकार नाही, एवढीच अडचण आहे. तो निर्णय वॉर्ड ऑफिसातील जलकामे विभागाच्या टेबलावरून सुरू होतो आणि गरजेप्रमाणे जल अभियंत्यांकडे व आयुक्तांपर्यंत जातो. ही मंडळी शेरा मारतात तो अर्जावर मारतात. तेव्हा पुढची रील करण्यापूर्वी गटाने एकदा शांतपणे बसून ठरवावे की आपल्याला कोणाकडून, कोणता निर्णय, कधीपर्यंत हवा आहे. हे ठरले की काय चित्रित करायचे, कोणाला बोलते करायचे आणि शेवटी पडद्यावर कोणते वाक्य लिहायचे, ही कोडी बरीचशी आपोआप सुटतात.

पाण्याच्या बाबतीत तर आपल्या हातात भक्कम आधार आहे. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१४ रोजी निकाल दिला. झोपडी अनधिकृत असली तरी तिच्यात राहणाऱ्या माणसाला पाणी नाकारता येणार नाही, कारण पाण्याचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे त्यात म्हटले असून महापालिकेला त्यासाठी धोरण आखण्यास सांगितले आहे. त्यानंतर मे २०२२ मध्ये महापालिकेने ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण आणले. आपल्या रीलमध्ये या दोन गोष्टींचा उल्लेख आहे का? नसेल, तर पाहणारा हळहळतो आणि अंगठा पुढे सरकवतो. असेल, तर ‘धोरण आहे, मग आमचा अर्ज कुठे अडला?’ हा प्रश्न उभा राहतो आणि त्याचे उत्तर देण्यावाचून संबंधित अधिकाऱ्याला गत्यंतर उरत नाही.

चित्रणाबद्दल एक सुचवतो. डोक्यावर हंडे घेतलेल्या बायकांची रांग, त्यावर करुण बासरी, हे दृश्य आता इतके सरावाचे झाले आहे की डोळ्यांवर त्याचा परिणाम होत नाही. त्याऐवजी नळाखाली रिकामा हंडा ठेवा, शेजारी भिंतीवरचे घड्याळ चौकटीत येईल असे पाहा, आणि हंडा भरेपर्यंतचे सगळे चित्रण एकदाही न कापता करा. पाण्याची करंगळीएवढी धार, मध्येच तिचे तुटणे, वाट पाहणाऱ्या बाईने दोनदा तोटी हलवून पाहणे, हे सगळे त्यात येते आणि पाण्याचा दाब किती आहे हे कोणाला वेगळे सांगावे लागत नाही. असे चित्रण ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी सलग काही आठवडे करावे आणि सोबत एका वहीत तारीख, पाणी आल्याची वेळ व गेल्याची वेळ लिहून ठेवावी. दोन मिनिटांच्या रीलसाठी ते वेगाने पुढे सरकवून दाखवता येते. मूळ चित्रण मात्र जसेच्या तसे जपावे. व्हॉट्सॲपवरून व्हिडिओ नेहमीच्या पद्धतीने पाठवला की त्याचा दर्जा घसरतो, म्हणून गटातल्या गटात तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा.

यानंतर कागद. जोडणीसाठी केलेल्या अर्जांची स्थिती माहितीच्या अधिकारात विचारावी. शुल्क दहा रुपये आहे, महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय व साधारण दीडशे शब्दांची मर्यादा आहे, आणि उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत आहे. उत्तर न आल्यास किंवा उडवाउडवीचे आल्यास प्रथम अपील करता येते. प्रत्येक अर्जाची पोच घ्यावी. पोच घेतलेल्या अर्जाचा फोटो हा पुढच्या रीलचा पहिला देखावा असू शकतो. ‘आज एकतिसावा दिवस’ या तीन शब्दांत जो ताण आहे, तो कोणत्याही पार्श्वसंगीतात नाही.

मोर्चा की रील, हा वाद मला अनावश्यक वाटतो. गिरणगावात अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने गर्दी जमवली, पण त्या गर्दीपुढे सभा होत असे आणि मागण्याही मांडल्या जात. अलीकडचे उदाहरण गोरेगावच्या आरे वसाहतीत मेट्रो कारशेडसाठी झालेल्या वृक्षतोडीचे. ऑक्टोबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या त्याच रात्री झाडांवर करवती चालू लागल्या, मोबाइलवरून बातमी पसरली आणि लोक अंधारात तिथे पोहोचले. वृक्षतोडीला स्थगिती मिळाली ती ७ ऑक्टोबरला, कायद्याच्या काही विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना लिहिलेल्या पत्राची सर्वोच्च न्यायालयाने दखल घेतली तेव्हा. तोवर दोन हजारांहून अधिक झाडे गेली होती. त्या दोन-तीन दिवसांत सगळ्या देशाचे लक्ष गोरेगावकडे लागले नसते तर ते पत्र इतक्या तातडीने वाचले गेले असते का, अशी मला शंका आहे. आणि पत्रच नसते तर नुसते लक्ष लागून काही थांबले नसते, याबद्दल शंका नाही.

प्रश्न : आमच्या महिला मंडळाला कौटुंबिक हिंसाचारावर लघुपट करायचा आहे. काही भगिनी स्वतःचा अनुभव कॅमेऱ्यासमोर सांगायला तयार आहेत. चेहरा धूसर केला म्हणजे पुरेसे होते का? – एक वाचक, जोगेश्वरी

उत्तर : पुरेसे होत नाही. अनोळखी माणसापासून धूसर चेहरा लपवतो. ज्यांच्यापासून लपायचे आहे ती सासरची माणसे आणि शेजारी आवाजावरून, हातातल्या बांगड्यांवरून, मागे दिसणाऱ्या दारावरच्या तोरणावरूनही ओळखतात. चाळीत आणि वस्तीत तर खोकल्यावरून माणूस ओळखला जातो. म्हणून अनुभव त्यांचे, शब्दही त्यांचे, पण वाचणारी दुसरी स्त्री आणि पडद्यावर रेखाचित्रे किंवा रिकाम्या जागा, असा मार्ग मी सुचवेन. मंडळातील एखादी मुलगी चित्रे काढत असेल तर महागड्या ॲनिमेशनची गरज नाही. कागदावरची चित्रे मोबाइलने टिपली तरी परिणाम साधतो.

ज्या भगिनी तरीही स्वतः दिसायचे म्हणतील, त्यांचा निर्णय आपण मोडून काढू नये, परंतु संमती एकदाच घेऊन मोकळे होऊ नये. चित्रणाआधी एकदा विचारावे, संपादन झाल्यावर पूर्ण लघुपट त्यांना दाखवून पुन्हा विचारावे, आणि हे दाखवताना एक प्रश्न अवश्य करावा : ‘हा व्हिडिओ तुमच्या दिराच्या मोबाइलवर आला तर त्या रात्री तुम्ही कुठे असाल?’ याचे उत्तर तयार नसेल तर प्रदर्शन थांबवावे. व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा २०१८ पासून घातली आणि वारंवार पुढे गेलेल्या मजकुरासाठी २०२० पासून ती एकावर आणली, हे खरे. तरी एकदा सुटलेला व्हिडिओ परत बोलावता येत नाही, हे त्यांना स्पष्ट सांगितले पाहिजे.

दोन ठिकाणी कायदा फार कडक आहे. बलात्कारासारख्या गुन्ह्यातील पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, आणि लैंगिक अत्याचार झालेल्या बालकाची ओळख उघड करण्यास पॉक्सो कायद्याच्या कलम २३ ने मनाई केली आहे. मुलाचे नाव वगळून शाळेचे नाव ठेवणे, हीसुद्धा ओळख उघड करणेच आहे.

आणखी एक गोष्ट मंडळांच्या लक्षात येत नाही. मारहाणीचे किंवा धमकीचे एखादे ध्वनिमुद्रण कोणाकडे असेल तर ते लघुपटात वापरू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत ठरावीक नमुन्यातील प्रमाणपत्र लागते व त्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइलमध्ये बदल झाला की बदलणारा तिचा सांकेतिक ठसा, हेही नोंदवावे लागते. कापलेली, संगीत चढवलेली फाइल तिथे अडचणीची ठरते. मूळ फाइल ज्या फोनवर झाली त्याच फोनवर राहू द्यावी आणि वकिलाच्या सल्ल्याने तिची प्रत करावी.

प्रश्न : खड्ड्यांवर विडंबनगीत करायचे आहे. गाजलेल्या चित्रपटगीताची चाल घेतली तर चालेल का? आणि महापालिका कारवाई करील का? – एक वाचक, भांडुप

उत्तर : कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि त्यात विडंबनाला नाव घेऊन वेगळी सूट दिलेली नाही. गाण्याची चाल आणि त्याचे ध्वनिमुद्रण हे दोन वेगळे हक्क आहेत. चालीवरचा हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. कोर्टाची पायरी क्वचितच चढावी लागेल, पण समाजमाध्यमांची यंत्रणा मूळ ध्वनिमुद्रण ओळखून ऐन पावसाळ्यात आपल्या गाण्याचा आवाज बंद करू शकते. पोवाडा, भारूड, गवळण, वासुदेवाची गाणी यांच्या पारंपरिक चाली सर्वांच्या आहेत आणि खड्ड्यांना भारूड फार शोभते, असे माझे मत. स्वतः ढोलकी वाजवून म्हणा.

कारवाईबद्दल : २०१७ च्या पावसाळ्यात आरजे मलिष्का यांचे महापालिकेवरील विडंबनगीत गाजले, तेव्हा काही दिवसांतच त्यांच्या कुटुंबाच्या वांद्र्याच्या घरात डासांच्या अळ्या आढळल्याची नोटीस निघाली. त्यांच्यामागे रेडिओ वाहिनी आणि श्रोते होते. भांडुपच्या भाडेकरूमागे कोण आहे, याचा विचार गाणे टाकण्यापूर्वी करावा. फेसबुकवरील मजकुरामुळे पालघरच्या दोन तरुणींना २०१२ मध्ये अटक झाली, तेव्हा वापरलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. बदनामीचे कलम मात्र नव्या भारतीय न्याय संहितेतही आहे. तेव्हा गाण्यात अभियंत्याचे किंवा कंत्राटदाराचे नाव, ‘खाल्ले’, ‘गिळले’ असले सिद्ध न करता येणारे आरोप टाळावेत. रस्त्याचे नाव, खड्डा पडल्याची तारीख आणि महापालिकेच्या १९१६ या मदतवाहिनीवर नोंदवलेल्या तक्रारीचा क्रमांक घालावा. क्रमांकाला यमक जुळवणे अवघड जाईल, पण भारुडात तेही जमते.