वाचकांचे प्रश्न : गारठा आणि द्राक्षबागा

प्रश्न : फ्रान्समधल्या शाब्लीच्या द्राक्षबागांचे फोटो पाहिले. वेलींवर बर्फाचे कवच होते आणि ते शेतकऱ्यांनीच रात्रभर पाणी फवारून चढवले होते म्हणे! कोवळी फूट त्याने मरत नाही का?

उत्तर : नाही, उलट वाचते. शाब्लीत शार्दने या द्राक्षजातीचे डोळे (अंकुर) एप्रिलच्या सुमारास फुटतात आणि मेच्या मध्यापर्यंत एखाद्या रात्री पारा शून्याखाली जाऊ शकतो. हिरवी फूट उणे 2 अंशांच्या आसपास करपते. पाणी गोठताना दर ग्रॅमला 80 कॅलरी उष्णता सोडते, त्यामुळे फुटीवर पाणी सतत गोठत राहिले की तिचे तापमान शून्याजवळ टिकते. पण ते सतत गोठत राहिले पाहिजे. नुसता बर्फ काही कामाचा नाही.

म्हणूनच मध्यरात्री पंप बंद पडला तर न फवारलेल्या बागेपेक्षाही जास्त नुकसान होऊ शकते. ओल्या फुटीवरचे पाणी हवेत उडून जाताना, गोठताना मिळते त्याच्या सातपटीहून अधिक उष्णता ओढून घेते. कोरडी हवा असेल तर पारा शून्यावर येण्याआधीच फवारे सुरू करायचे, आणि जोराचा वारा असेल तर या उपायाचा भरवसा धरू नये. ताशी साधारण 3 मिलिमीटर पाणी लागते, म्हणजे हेक्टरी 30,000 लिटर. सहा तासांत 1,80,000! एवढा साठा आधीच हवा. बर्फ नितळ असेल आणि टोकाशी थेंब लोंबत असतील तर पाणी पुरते आहे. दुधाळ दिसला तर कमी पडते आहे. आधी नोझल गोठून अडकले का ते पाहावे. ऊन आले म्हणून घाईने बंद करू नये. बर्फ आपसूक सुटून गळू लागला की मगच.

पाण्याची सोय नसेल तिथे ओळींमधून पॅराफिनचे डबे पेटवतात. ते खर्चिक आहे, आणि माणसांना रात्रभर जागावे लागते.

प्रश्न : जर्मनीत मोझेल नदीकाठी इतक्या उभ्या उतारांवर द्राक्षे का लावतात?

उत्तर : तिथे अक्षांश 50 अंशांच्या आसपास, म्हणजे ऊन तिरपे. दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर तेच ऊन थेट पडते आणि रीसलिंग या उशिरा पिकणाऱ्या द्राक्षजातीला त्याची गरज असते. उतारावरचा पाटीचा दगड दिवसा तापतो, रात्री ऊब देतो. ब्रेम गावाजवळच्या काल्मोंट या उतारावर चढ काही ठिकाणी 65 अंशांपर्यंत जातो, त्यामुळे बहुतेक कामे हातानेच होतात. शिवाय थंड हवा जड असल्याने खाली वाहून जाते. पायथ्याशी दाट कुंपण असेल तर मात्र ती तिथेच तुंबते आणि खालच्या ओळी आधी करपतात. कुंपणात तिला वाट ठेवावी लागते.