पोलंडचे इतके स्ट्रायकर परदेशात जातात, मग लेवांडोव्स्कीच एवढा का टिकला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पिओंतेक, मिलिक यांच्यासारखे पोलिश स्ट्रायकर (फुटबॉलमध्ये गोल करणं हे मुख्य काम असलेले आघाडीचे खेळाडू) परदेशात जोरात सुरुवात करून मागे पडले, मग रॉबर्ट लेवांडोव्स्की इतकी वर्षं वरच कसा राहिला? ‘तो जास्त गुणी होता’ हे उत्तर अर्धंच आहे. त्याने क्लब कधी बदलला आणि नव्या क्लबात पहिल्या वर्षी काय केलं, हे पाहिलं की बाकीचा उलगडा होतो.

२००६ साली मांडीच्या दुखापतीनंतर लेगिया वॉर्सा क्लबाने त्याला सोडून दिलं. तेव्हा तो अठरा वर्षांचाही नव्हता. तो प्रुश्कुफ गावच्या झ्निच संघाकडे गेला, म्हणजे थेट तिसऱ्या स्तरावर. तिथे पहिल्या हंगामात १५ गोल केले आणि संघ वर चढला. पुढच्या हंगामात दुसऱ्या स्तरावर २१. दोन्ही वर्षी त्या त्या स्तरावर सर्वाधिक गोल त्याचेच होते. मग पहिल्या स्तरावरच्या ‘लेख पोझनान’ क्लबाने साधारण १५ लाख झ्लॉटी मोजून त्याला घेतलं. २००९-१०मध्ये १८ गोल, पोलिश लीगचं विजेतेपद आणि तिथेही सर्वाधिक गोल. एकही पायरी गाळलेली नाही, आणि प्रत्येक पायरीवर अव्वल ठरल्याशिवाय पुढची चढलेला नाही.

२०१०च्या एप्रिलमध्ये तो इंग्लंडमध्ये ब्लॅकबर्न क्लब पाहायला जाणार होता. आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेमुळे विमानं बंद पडली आणि ते राहूनच गेलं. उन्हाळ्यात तो जर्मनीतल्या डॉर्टमुंड क्लबाला गेला, सुमारे ४५ लाख युरोंना.

इथे जरा थांबून बघण्यासारखं आहे. पहिल्या हंगामात त्याचे लीगमध्ये फक्त ८ गोल आहेत. संघ विजेता झाला, पण नऊ नंबरच्या, म्हणजे मुख्य स्ट्रायकरच्या जागी लुकास बारिओस पक्का होता आणि लेवांडोव्स्की बराच काळ बदली खेळाडू होता. जानेवारी २०११मध्ये आशिया कपात डॉर्टमुंडच्या कागावाचा पाय मोडला, तेव्हा प्रशिक्षक क्लॉपने लेवांडोव्स्कीला बारिओसच्या मागे, दहा नंबरच्या जागी खेळवलं. स्ट्रायकरला हे सहसा आवडत नाही. गोलाकडे पाठ करून बॉल घ्यायचा, मागून सेंटर-बॅक (मधला बचावपटू) अंगावर येतो, त्याला अंगावर झेलून एका स्पर्शात बॉल बाजूला द्यायचा आणि लगेच पळायचं. पुढे त्याच्या खेळाचा कणा ठरलेली गोष्ट ती हीच. सरावात क्लॉपशी पैज असायची: दहा गोल केले तर क्लॉपकडून ५० युरो, नाही केले तर याने द्यायचे. सुरुवातीला हाच देत होता. काही महिन्यांनी क्लॉपने पैज बंद केली.

२०११च्या कोपा अमेरिकात बारिओस जखमी झाला आणि जागा रिकामी झाली. लेवांडोव्स्कीने त्या हंगामात २२ गोल केले, आणि बायर्न म्युनिकविरुद्ध ५-२ जिंकलेल्या जर्मन कपच्या फायनलमध्ये हॅटट्रिक, म्हणजे तीन गोल. एप्रिल २०१३मध्ये रिआल माद्रिदविरुद्ध डॉर्टमुंडचे चारही गोल त्याचे. याच काळात पिश्चेक आणि ब्वाश्चिकोव्स्की हे दोन पोलिश सहकारी त्याच्या उजव्या बाजूला खेळत होते, त्यामुळे क्रॉस (कडेने गोलासमोर येणारा पास) कधी येणार याचा अंदाज लागायला वेळ लागला नाही. पिश्चेक स्वतः आधी स्ट्रायकर होता आणि जर्मनीत आल्यावर राइट-बॅक (उजव्या कडेचा बचावपटू) झाला, हेही लक्षात घ्या. परदेशात टिकायचं तर जागा बदलायची तयारी लागते.

आता पिओंतेक. २०१८च्या उन्हाळ्यात पोलंडच्या क्राकोव्हियाहून इटलीच्या जेनोआला गेला आणि लीगच्या १९ सामन्यांत १३ गोल ठोकले. सहाच महिन्यांत मिलानने ३.५ कोटी युरो दिले. पहिले काही महिने तिथेही छान गेले, पण २०१९-२०मध्ये १८ लीग सामन्यांत ४ गोल झाले, जानेवारीत इब्राहिमोविच आला आणि पिओंतेक हेर्टा बर्लिनला विकला गेला. तो पहिल्या स्पर्शात फटका मारणारा स्ट्रायकर आहे. बॉक्समध्ये (गोलासमोरच्या चौकोनात) बॉल आला तर उत्तम. समोरचा संघ खोल, म्हणजे आपल्या गोलाजवळ बसला, बॉल येईना, खाली येऊन जोडणी करायची वेळ आली की तो हरवतो. हे शिकायला बाकावरचं एक वर्ष लागतं. ३.५ कोटींच्या खेळाडूला ते कोणी देत नाही.

मिलिकची गोष्ट वेगळी आहे आणि मला त्याच्याबद्दल जास्त वाईट वाटतं. अठराव्या वर्षी लेव्हरकुझेनला गेला, तिथे खेळायलाच मिळालं नाही, मग आउग्सबुर्ग, मग आयाक्स. २०१६ला नापोलीने घेतलं. ऑक्टोबरमध्ये देशाकडून डेन्मार्कविरुद्ध खेळताना एका गुडघ्याचं लिगामेंट फाटलं, पुढच्या सप्टेंबरमध्ये दुसऱ्या गुडघ्याचं. त्यानंतरही त्याने २०१८-१९मध्ये लीगमध्ये १७ गोल केले. पण अशा दोन शस्त्रक्रियांनंतर पहिल्या तीन-चार मीटरचा वेग पूर्वीसारखा राहत नाही, आणि स्ट्रायकरचं पोट त्याच तीन-चार मीटरवर चालतं.

लेवांडोव्स्कीचं शरीर टिकलं, त्यात नशीब आहेच. पण मेहनतही आहे: पत्नी आना ही कराटेपटू आणि आहारतज्ज्ञ, दूध आणि गहू जवळजवळ बंद, झोपेचं वेळापत्रक काटेकोर.

बायर्नला तो २०१४मध्ये गेला, करार संपवून, फुकटात. डॉर्टमुंडने २०१३ला सोडलं नाही, तर आणखी एक हंगाम खेळला आणि २० गोल करून जर्मन लीगमध्ये अव्वल ठरला. देश तोच, भाषा तीच, बचावपटू ओळखीचे. क्लब मोठा झाला, बाकी काही बदललं नाही.

त्याची कारागिरी बघायची असेल तर २२ सप्टेंबर २०१५चा वोल्फ्सबुर्गविरुद्धचा सामना शोधा. मध्यंतराला ०-१ असताना तो उतरला. ५१, ५२, ५५, ५७ आणि ६०व्या मिनिटाला गोल. पहिल्यापासून पाचव्यापर्यंत ८ मिनिटं ५९ सेकंद. सगळे पाचवा, हवेतला गोल दाखवतात. तुम्ही तिसरा बघा. पहिला फटका खांबाला लागतो, दुसरा अडतो, तिसरा आत जातो. दर वेळी बॉल उडाल्यावर बचावपटू क्षणभर बॉलकडे बघत उभे आहेत आणि हा आधीच हललेला आहे. २२ मे २०२१ला गेर्ड म्युलरचा १९७१-७२चा ४० गोलांचा विक्रम त्याने मोडला, तोही असाच: ९०व्या मिनिटाला सानेचा फटका आउग्सबुर्गचा गोलरक्षक गिकियेविच (तोही पोलिशच) धरू शकला नाही, लेवांडोव्स्की तिथे हजर. २९ सामन्यांत ४१ गोल. मधले चार आठवडे गुडघ्याच्या दुखापतीमुळे गेले होते. २०२०चा बॅलन डी’ओर (जगातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार) कोविडमुळे रद्द केला, हा त्याच्यावर सरळ अन्याय होता असं माझं मत आहे.

पेनल्टीची पद्धतही शिकण्यासारखी आहे. धावत येताना शेवटच्या पावलांत तो वेग जवळजवळ थांबवतो, नजर गोलरक्षकावर ठेवतो, आणि गोलरक्षकाचं वजन एका पायावर गेलं की दुसऱ्या बाजूला बॉल ढकलतो. गोलरक्षक हललाच नाही तर अडचण होते, कारण थांबल्यामुळे फटक्यात जोर राहत नाही. २०२२च्या विश्वचषकात मेक्सिकोच्या ओचोआने पेनल्टी अडवली. फ्रान्सविरुद्ध लोरीसनेही पहिली अडवली होती, पण तो रेषेपुढे आल्यामुळे ती पुन्हा घ्यायला मिळाली आणि गोल झाला.

बार्सिलोनाने २०२२मध्ये साडेचार कोटी युरो आणि वर बोनस देऊन त्याला घेतलं, तेव्हा तो ३४चा होत होता. बऱ्याच जणांना तो वेडेपणा वाटला. पहिल्याच वर्षी २३ गोल, लीगमध्ये सर्वाधिक, आणि विजेतेपद. दुसऱ्या वर्षी १९. २०२४ला बायर्नमधला जुना प्रशिक्षक फ्लिक आला, यामाल आणि राफिन्या कडेने बॉल आणू लागले, याचं पळणं कमी झालं आणि गोल २७वर गेले.

शेवटी देशाच्या संघाबद्दलही. लुबान्स्कीचा ४८ गोलांचा विक्रम त्याने २०१७मध्ये मागे टाकला आणि २०१८च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत १६ गोल केले. तरी त्या विश्वचषकात एकही नाही, आणि पहिला विश्वचषक गोल नोव्हेंबर २०२२मध्ये सौदी अरेबियाविरुद्ध. पोलंडचा संघ मोठ्या स्पर्धेत खोल बसून लांब बॉल मारतो. दोन सेंटर-बॅकच्या मध्ये एकटा उभा असलेला स्ट्रायकर मग निम्मा वेळ हवेतल्या बॉलसाठी झगडण्यात घालवतो, आणि बॉक्समध्ये त्याला हवा तो जमिनीवरचा पास सामन्यात जेमतेम एक-दोनदा मिळतो.