गेल्या वर्षीचा कागद

“मॅडम, माळ्यावरून मखर काढले, त्याला गुंडाळलेल्या वर्तमानपत्रावरची तारीख पाहिली आणि तशीच स्टुलावर बसून राहिले. तो कागद मी महिन्याभरापूर्वी गुंडाळला होता असे वाटत होते. मला विसरण्याचा आजार तर होत नाही ना?”

माझ्यासमोर बसलेल्या बाई 56 वर्षांच्या, माध्यमिक शाळेत भूगोल शिकवणाऱ्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) पन्नाशी ओलांडलेल्या माणसांकडून वर्षे पळतात ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे, की तिच्यामागची भीती नेमकी कोणती हे आधी विचारायचे, असा माझा नेम झाला आहे. बाईंचे बँकेचे व्यवहार, शाळेतली कामे, औषधांच्या वेळा सगळे चोख होते. गेल्या गणपतीत कोण कोण आले होते हेही त्यांनी न अडखळता सांगितले. तरीही थायरॉइड आणि बी-12 एकदा तपासून घ्यायला सांगितले. दोन्ही ठीक निघाले, तेव्हा आम्ही मूळ प्रश्नाकडे वळलो.

वय वाढते तसे एक वर्ष हा आयुष्याचा लहान लहान हिस्सा होत जातो, दहा वर्षांच्या मुलाला ते एक दशांश आणि पन्नाशीच्या माणसाला एक पन्नासांश, हे स्पष्टीकरण बाईंनी कुठेतरी वाचले होते आणि त्याने त्या अधिकच खचल्या होत्या. हा हिशेब पॉल जाने या फ्रेंच विचारवंताचा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी 1890 मध्ये तो उद्धृत केला, पण त्याने घटनेचे वर्णन होते, कारण सापडत नाही, असेही बजावले. त्यांच्या मते खरे कारण सवय हे होते. मलाही ते अधिक पटते, कारण अपूर्णांकापुढे माणूस हतबल असतो, सवयीपुढे तितका नसतो. शिवाय 2005 मध्ये जर्मनी आणि ऑस्ट्रियातील 14 ते 94 वयोगटातल्या सुमारे 500 लोकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात आठवडा, महिना किंवा वर्ष किती लवकर सरले याबाबत तरुण आणि वृद्ध यांच्या उत्तरांत फारसा फरक आढळला नाही; ठळक फरक दिसला तो गेली दहा वर्षे कशी गेली या प्रश्नावर.

इथपर्यंत ठीक होते. त्यानंतर मी त्यांना रोज दहा मिनिटे डोळे मिटून श्वासाकडे लक्ष देत बसायला सांगितले. ही माझी घाई होती. दोन आठवड्यांनी बाई जवळजवळ रागावूनच आल्या. “ती दहा मिनिटे संपता संपत नाहीत, आणि पंधरवडा मात्र कुठे गेला ते कळले नाही!” बोलता बोलता त्यांनाच हसू आले, आणि मला त्यांच्या वाक्यात हवे ते सापडले. वेळ जात असताना त्याच्याकडे पाहणे वेगळे आणि गेलेल्या वेळाकडे मागे वळून पाहणे वेगळे. लक्ष दिले की चालू क्षण लांबतो. मागे वळून पाहताना मात्र आपण आठवणी मोजतो, आणि त्या थोड्या असल्या की काळ आखूड वाटतो. म्हणूनच कंटाळवाणी दुपार सरत नाही, पण तशाच दुपारींचे वर्ष चिमटीत मावते.

मग आम्ही डोळे मिटून बसण्याऐवजी सकाळच्या चहाकडे लक्ष देण्याचे धरले. बाई 33 वर्षे रोज सकाळी चहा करत आल्या होत्या आणि तो कसा होतो हे त्यांना सांगता येईना, कारण आधण ठेवतानाच मन शाळेच्या वेळापत्रकात पोहोचलेले असे. रोज एकच गोष्ट पाहायची आणि रात्री एका ओळीत लिहायची, एवढे ठरले. तिसऱ्या भेटीत त्यांनी वही वाचून दाखवली: आले किसले की रस खाली पडतो आणि धागे किसणीच्या दातांत अडकून राहतात, ते बोटाने नव्हे तर उलट्या चमच्याने निघतात. वाचताना त्या मुलीसारख्या खूश होत्या.

दुसरा बदल त्यांचा स्वतःचा, त्याचे श्रेय मला नाही. त्यांनी शनिवारच्या मोडी लिपीच्या वर्गात नाव घातले. पहिल्याच महिन्यात आजोबांच्या खरेदीखतातली एक ओळ लावायला त्यांना दोन तास लागले, आणि तो शनिवार त्यांना तारखेसह आठवतो. तिशीपर्यंतची वर्षे लांबरुंद वाटतात, त्यामागे तेव्हा पहिल्यांदा घडणाऱ्या गोष्टी पुष्कळ असतात, हे मोठे कारण मानले जाते.

खरी भीती सहाव्या भेटीत बाहेर आली. निवृत्तीला दोन वर्षे उरली होती, मुलगी परदेशी स्थायिक झाली होती, आणि बाई मनातल्या मनात किती गणपती उरले ते मोजत होत्या. त्यावर चहाचा किंवा मोडीचा उपाय नव्हता. त्या दिवशी आम्ही फक्त त्याविषयीच बोललो, आणि त्या बऱ्याच वेळ रडल्या.

यंदा विसर्जनानंतर त्यांचा फोन आला. वर्ष पळालेच, असे त्या म्हणाल्या. मखर गुंडाळण्यापूर्वी मात्र वर्तमानपत्राच्या कडेला पेनाने वर्षातल्या अकरा गोष्टी लिहून ठेवल्या होत्या. सातव्या क्रमांकावर किसणी होती.