8 इंची एफ/6 डॉब्सोनियनला (आरशाच्या दुर्बिणीला) कोणता वाइड अँगल आयपीस (डोळ्याकडचं भिंग) घ्यावा? आकाश मेळघाटाकडचं, अंधारं आहे.

आधी 2 इंची नळकांड्याचा, 30 मिमी नाभीय अंतराचा, 70 अंश दृश्यक्षेत्राचा घ्या. तुमच्या 1200 मिमी नाभीय अंतराच्या नळीत तो 40 पट मोठं दाखवतो आणि सुमारे पावणेदोन अंश आकाश सामावतो. कृत्तिका पूर्ण मावतात. एक्झिट प्युपिल (आयपीसमधून डोळ्यात येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी) 5 मिमी, जे तुमच्या अंधाराला शोभतं. शहरात हाच आयपीस करडा उजेड दाखवेल. फोकसर (आयपीस बसवायची सरकती नळी) फक्त सव्वा इंची असेल तर 24 मिमी, 68 अंश घ्या. त्या नळकांड्यात याहून मोठं क्षेत्र जवळजवळ मिळतच नाही.

दुसरा 14 मिमी, 82 अंश: 86 पट. एप्रिल-मे महिन्यांत दक्षिणेला ओमेगा सेंटॉरी आपल्याकडून जेमतेम 21 अंश वर येतो. याच्यातून पाहाच, अख्खा तारकागुच्छ मावतो.

कडेचे तारे बिघडले तर फोकस थोडा आत-बाहेर करा. तारा रेघेसारखा दिसून ती रेघ आडवीची उभी झाली तर बहुधा दोष आयपीसचा. ताऱ्याची शेपटी कायम बाहेरच्या दिशेला राहिली तर तो कोमा, म्हणजे आरशामुळे कडेला येणारा दोष. महाग आयपीसने तो जात नाही.

चष्म्याचा नंबर दृष्टिवैषम्याचा (सिलिंड्रिकल) असेल तर चष्मा लावूनच पाहावं लागतं, म्हणून आय रिलीफ (डोळा भिंगापासून जितका दूर ठेवता येतो ते अंतर) किमान 15 मिमी हवा. जड आयपीसने नळीचं तोंड खाली झुकतं, मागच्या टोकाला वजन बांधा.

पावसाळ्यात आयपीस सिलिका जेलसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. इथल्या दमटपणात भिंगावर बुरशी चढते, कोटिंग खाते, आणि ते परत येत नाही.