मुलाला बेस गिटारच वाजवायची आहे, एफडी मोडू का?

मिरजेहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा यंदा बारावी सायन्स झाला. शाळेपासून बेस गिटार वाजवतो, कॉलेजच्या बँडमध्ये आणि अधूनमधून एका ऑर्केस्ट्रात बदली वादक म्हणून. आता त्याचं म्हणणं असं की पदवीत तीन वर्षं घालवायची नाहीत, पुण्याला जाऊन पूर्णवेळ वाजवायचं. त्यासाठी अमेरिकन बनावटीचा पाच तारांचा फेंडर बेस आणि चांगला अँप्लिफायर हवा, दोन्ही मिळून तीन लाखांच्या घरात. पैसे कुठले, तर शिक्षणासाठी ठेवलेली एफडी. आईचे प्रश्न दोन: यात पोट भरतं का, आणि वाद्य एवढं महागच लागतं का? सोबत मुलाच्या वादनाचे तीन व्हिडिओ आहेत.

ताई, एफडी मोडू नका. आणि मुलाला वाजवू द्या. आठवडाभर मी मुलांना करिअरबद्दल सल्ला देतो आणि शनिवार-रविवारी स्वतः स्टेजवर बेस वाजवतो, त्यामुळे तुमच्या पत्राला दोन्ही बाजूंनी उत्तर देता येईल.

आधी व्हिडिओंबद्दल. पहिले दोन त्याने खोलीत एकट्याने केलेत. दोन्हींत स्लॅप आहे, अंगठ्याने तार ठोकायची आणि बोटाने उचकायची. वेग चांगला आहे, हात मोकळा आहे. पण टोन त्याने असा लावलाय की खालचा आणि वरचा आवाज वाढवलेला आणि मधला जवळजवळ काढून टाकलेला. खोलीत एकटं वाजवताना हा टोन फार भारी वाटतो. बँडमध्ये गेला की तोच टोन गायब होतो. बेसची सर्वांत जाड तार मोकळी वाजवली तर साधारण ४१ हर्ट्झवर वाजते. तिथे ड्रमचा किक, तबल्याचा डग्गा आणि ढोलकीची धुम आधीच बसलेली असते. वरच्या बाजूला झांजा आणि गिटार. बेसला जागा उरते ती मधल्या पट्ट्यात, आणि तोच याने काढून टाकलेला. मग मुलगा म्हणतो, ‘मला माझा बेस ऐकूच येत नाही,’ आणि आवाज वाढवतो. साउंडवाला हॉल घुमतोय म्हणून समोरून तो खाली ओढतो. घरी आल्यावर मुलगा म्हणतो, वाद्यच हलकं आहे. नवीन बेसचा हट्ट बऱ्याचदा इथून सुरू होतो, तुमच्याकडेही तसंच झालं असावं. त्याला एकदा तालमीत मधला नॉब वर आणि खालचा थोडा खाली करून वाजवायला सांगा. फुकटात फरक कळेल.

तिसरा व्हिडिओ ऑर्केस्ट्राच्या तालमीचा आहे आणि तो मी परत परत ऐकला. जुनं गाणं, केरवा, सोबत ढोलक. इथे स्लॅप नाही, दोन बोटांनी साधं वादन. अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीत ढोलकवाला डाव्या हाताने धुम घेतो, आणि तुमचा मुलगा त्याच्या आधी डाव्या हाताची बोटं किंचित उचलून तार बंद करतो. सूर थांबतो, धुम स्वच्छ ऐकू येते आणि पुढच्या मात्रेला बेस परत येतो. पुढच्या ओळीला पुन्हा तेच, म्हणजे चुकून झालेलं नाही. सूर कुठे सुरू करायचा हे सगळे शिकतात. तो कुठे बंद करायचा हे फार थोड्यांना कळतं. माझ्या मते बेसवाल्याला काम मिळतं ते याच्यावर. हे त्याला कुणी शिकवलं नसेल तर मुलाचा कान खरंच चांगला आहे, ताई.

आता वाद्याच्या किमतीकडे येऊ. फेंडर कंपनीने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस आणला, १९६० मध्ये जॅझ बेस. आज दुकानात टांगलेले बहुतेक बेस, स्वस्त असोत की महाग, या दोन आराखड्यांवर कुठे ना कुठे बेतलेले असतात. अमेरिकेत डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या गाण्यांवर १९६० च्या दशकात जेम्स जेमरसन वाजवायचा. एक प्रिसिजन, त्यावर जाड गुळगुळीत फ्लॅटवाउंड तारा, आणि उजव्या हाताचं एकच बोट. तारा तो सहसा बदलतही नसे. बरीच वर्षं रेकॉर्डवर त्याचं नाव छापलं जात नव्हतं, पण जगभरचे बेसवाले आजही त्याचंच वादन उतरवून काढतात. टोन बोटात असतो असं आम्ही म्हणतो ते यामुळे. वाद्य वाईट असलं तरी चालतं असा याचा अर्थ नाही. वाद्य नीट लावलेलं हवं.

आणि हे मिरजेतल्या माणसाला मी काय सांगणार! तुमच्या गावच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या कोणत्याही कारागिराला विचारा, उत्तम भोपळ्याचा महागडा तंबोरा जवारी बिघडलेली असेल तर बोलतो का? बेसचंही तसंच आहे. मानेतला सळईचा ताण, तारांची उंची, नटच्या खाचा, ब्रिजवरची सुराची जुळवणी, हे सगळं एकदा जाणत्या लुथियरकडून, म्हणजे गिटार बनवणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून, करून घेतलं की पंचवीस हजारांचा बेस स्टेजवर मान खाली घालायला लावत नाही. पावसाळ्यात मान हलते, तेव्हा परत दाखवायचा. व्हिडिओत त्याची जाड तार दहाव्या फ्रेटच्या, म्हणजे मानेवरच्या दहाव्या आडव्या पट्टीच्या पुढे स्पष्ट बेसूर आहे. ते त्याच्या हाताचं नाही, जुळवणीचं आहे, आणि त्यासाठी नवा बेस लागत नाही.

एका बाबतीत मात्र मुलाचं बरोबर आहे. पाच तारांचा बेस त्याला लागणार. आपल्याकडे गायक पेटीवरची पट्टी सांगतो, ‘काळी चार’. म्हणजे ए-फ्लॅट. बेसवाल्याने पुढच्या क्षणी जाड तारेच्या चौथ्या फ्रेटवर बोट ठेवायचं. दुसरी गायिका तेच गाणं ‘काळी दोन’मध्ये घेते, म्हणजे ई-फ्लॅट, आणि चार तारांच्या बेसवर तो खालचा षड्ज मिळतच नाही, कारण जाड तार ई पासून सुरू होते. मग वरच्या सप्तकातला घ्यावा लागतो आणि गाण्याचा पाया अचानक हलका होतो. पाचवी तार बी ची असते, तिच्या चौथ्या फ्रेटवर हा सूर आहे. पाश्चात्त्य बँडला एक वेळ चार तारा पुरतील; पट्ट्या बदलणाऱ्या आपल्या ऑर्केस्ट्राला पाच बऱ्या. पण त्यासाठी अमेरिकन बनावट कशाला? यामाहा आणि आयबानेझचे इंडोनेशियात बनलेले पाच तारांचे बेस कामाचे आहेत आणि त्यांची किंमत त्याने मागितलेल्या रकमेच्या जवळपासही जात नाही. अँप्लिफायर तर आत्ता घेऊच नका. बहुतेक कार्यक्रमांत बेसची लाइन डीआय बॉक्समधून, म्हणजे वाद्य मिक्सरला जोडणाऱ्या छोट्या डबीतून, थेट मिक्सरला जाते आणि मॉनिटर साउंडवाल्याचा असतो. स्वतःचा डीआय बॉक्स, दोन चांगल्या केबल, पायाचा ट्यूनर, तारांचा एक जादा संच, एवढं बॅगेत असलं की तो कुठेही वाजवू शकतो. अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवर चालणारा बेस घेतला तर नऊ व्होल्टची जादा बॅटरी हवीच, आणि वाजवून झालं की केबल काढून ठेवायची सवय. केबल आत राहिली तर बॅटरी गुपचूप संपते, आणि कळतं कधी, तर पडदा उघडल्यावर.

आता पोटाचा प्रश्न. गणपती, नवरात्र, दिवाळी पहाट, लग्नसराई, डिसेंबरमधले हॉटेलांचे आणि कंपन्यांचे कार्यक्रम, यांत चांगल्या बेसवाल्याला सलग सुपाऱ्या असतात. पितृपक्षात आणि ऐन पावसाळ्यात पाकीट रिकामं. म्हणजे उत्पन्न महिन्यावर नाही, हंगामावर मोजायचं. शिवाय एक गोष्ट त्याला स्पष्ट सांगायला हवी. कार्यक्रमाचं बजेट आखडलं की पहिली काट बेसवर येते. कीबोर्डवाला डाव्या हाताने बेस उरकतो, नाहीतर ट्रॅक लावला जातो. गिटार गेली तर प्रेक्षकांना दिसतं, बेस गेला तर आयोजकाला वाटतं काही बिघडलं नाही. बिघडतं, पण ते गायकाला आणि तबलजीला कळतं. म्हणून बेसवाल्याची सुपारी आयोजकाकडून क्वचित येते. ती येते वादकांच्या शब्दावर. ‘तो असला की ठेका हलत नाही’ हे वाक्य ढोलकवाल्याने संयोजकाला सांगितलं पाहिजे. माझ्या बेसवर कोणत्या कंपनीचं नाव आहे हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही. विचारतात ते, किती गाणी येतात, पट्टी बदलली तर चालेल का, चार्ट, म्हणजे कागदावर लिहिलेलं संगीत, वाचता येतो का, वेळेवर येशील ना.

चार्टवरून आठवलं. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात गोव्याच्या वादकांनी एवढं मोठं काम केलं, त्याचं एक ठोस कारण म्हणजे त्यांना स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, वाचता-लिहिता यायचं. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत ते लहानपणीच शिकवलं जाई. शंकर-जयकिशन यांच्याकडे अरेंजर (वाद्यमेळ रचणारे) असलेले सबॅस्टियन डिसोझा त्याच परंपरेतले. तुमच्या मुलाने वाचन शिकलं तर ते कोणत्याही बेसपेक्षा जास्त दिवस उपयोगी पडेल. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या रॉक अँड पॉप परीक्षा बेससाठी आहेत, आठव्या ग्रेडपर्यंत. त्या भारतात देता येतात. वर्षाला एक ग्रेड धरून चाललं तर शिस्तही राहील.

पदवी सोडू नये असं मी म्हणतो ते लोक काय म्हणतील म्हणून नाही. आपल्या बहुतेक विद्यापीठांत संगीताची पदवी म्हणजे शास्त्रीय गायन किंवा वादन. बेस शिकवणाऱ्या संस्था खासगी आहेत. चेन्नईला ए. आर. रहमान यांनी २००८ मध्ये सुरू केलेली के. एम. म्युझिक कॉन्झर्व्हेटरी त्यांतली नावाजलेली. अशा ठिकाणी जायचं तर एफडी तिथे कामी येईल, वाद्यात आत्ताच अडकवू नका. दुसरी वाट ध्वनीची. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट-दूरचित्रवाणी प्रशिक्षण संस्थेत ध्वनिमुद्रण आणि ध्वनिरचनेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. त्याला पदवी लागते आणि बारावीला फिजिक्स लागतं. फिजिक्स त्याच्याकडे आहे, पदवी नाही. तीन वर्षं पुण्यातल्या कॉलेजात बी.एस्सी. करत शनिवार-रविवार वाजवला, घरी रेकॉर्डिंग शिकला, कीबोर्डवर बेस वाजवायला शिकला, तर एकविसाव्या वर्षी त्याच्यासमोर दोन-तीन दारं उघडी असतील. पुण्याला जाऊ द्या, फक्त कॉलेजच्या प्रवेशासह.

एक गोष्ट पत्रात नाही, पण मला सर्वांत जास्त काळजी तिचीच आहे. कान. ८५ डेसिबलला आठ तास ही कानाची सुरक्षित मर्यादा मानतात. दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. ड्रमशेजारी उभा असलेला बेसवाला कार्यक्रमाचे तीन तास कुठे असतो याचा विचार करा. गेलेलं ऐकू येणं परत येत नाही. वादकांसाठी मिळणारे इअरप्लग आवाज सगळीकडून सारखा कमी करतात, सूर बिघडत नाही. ते पहिल्या खरेदीत घ्या, बेसच्याही आधी. आणि आत्ता, कान चांगले असतानाच, मिरजेत एक ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची चाचणी, करून फाइलला लावा, म्हणजे पुढे तुलना करता येईल.

मुलाला माझा निरोप द्या. सध्याचा बेस लुथियरकडून लावून घे. मग एकच गाणं, तुला जे आवडेल ते, पांढरी चार, काळी चार आणि काळी दोन अशा तीन पट्ट्यांत तबला किंवा ढोलकसोबत रेकॉर्ड कर. स्लॅप नको. दसऱ्यापर्यंत मला पाठव. काळी दोनमध्ये तू कुठे अडतोस ते ऐकून कोणता पाच तारांचा बेस घ्यायचा ते आपण ठरवू.