पहिला व्हिडिओ करण्यापूर्वी

ऑनलाइन सुरक्षिततेवर छोटे शैक्षणिक व्हिडिओ करायचे तुम्ही ठरवले, याचा मला मनापासून आनंद आहे. एका व्हिडिओत एकच प्रश्न घ्या आणि तो प्रेक्षकाच्या मनातल्या शब्दांत मांडा. उदाहरणार्थ, ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी कुलपाचे चिन्ह दिसले म्हणजे संकेतस्थळ खरे असते का? उत्तर ‘नाही’ असे आहे, पण कारण सांगितल्याशिवाय ते पटत नाही. ते चिन्ह एवढेच सांगते की तुमचा ब्राउझर आणि समोरचा सर्व्हर, म्हणजे संकेतस्थळ जिथून चालते तो संगणक, यांच्यामधली माहिती कूटबद्ध होऊन, म्हणजे मधल्या कुणाला वाचता येणार नाही अशा रूपात जाते. सर्व्हर चालवणारा प्रामाणिक आहे की नाही, याची हमी ते देत नाही, कारण त्या चिन्हासाठी लागणारे डिजिटल प्रमाणपत्र फसवणूक करणाऱ्यालाही विनामूल्य मिळू शकते. म्हणून संकेतस्थळाचा पत्ता वाचायला शिकवा: सुरुवातीच्या जोड तिरक्या रेघांनंतर (//) जी पहिली एकेरी रेघ (/) येते, तिच्या लगेच आधीचा भाग महत्त्वाचा असतो, मग त्याच्या डावीकडे कितीही ओळखीचे नाव लिहिलेले असो. हे बोटाने दाखवत, सावकाश सांगा.

स्क्रीन रेकॉर्ड करताना सूचना (नोटिफिकेशन) बंद ठेवा आणि चाचणीसाठी वेगळे खाते वापरा. माझ्या एका व्हिडिओच्या कोपऱ्यात माझा स्वतःचा मोबाइल क्रमांक राहून गेला होता आणि तो काढून टाकेपर्यंत अनेकांनी पाहिला होता. अशी माहिती नुसती धूसर करू नका, तिच्यावर पूर्ण काळी पट्टी टाका. धूसर केलेली अक्षरे कधीकधी पुन्हा ओळखता येतात.

फसवणूक झालेल्या माणसाला मूर्ख ठरवणारे एकही वाक्य ठेवू नका, कारण लाज वाटली की माणूस मदत मागायला उशीर करतो आणि पहिले काही तासच सर्वांत मोलाचे असतात.