जूनमध्ये लेक सुपीरियरवर कयाकिंग: पोहता येतं, मग लाइफ जॅकेट पुरेसं आहे का?

नाही, पुरेसं नाही. लेक सुपीरियर म्हणजे अमेरिका-कॅनडा सीमेवरचं प्रचंड सरोवर. त्यातल्या अपॉसल आयलंड्स या बेटांजवळ जूनमध्ये हवा उबदार असली तरी पाणी बर्फासारखं गार असतं. अशा पाण्यात पडल्यावर पहिलं 1 मिनिट नुसती धाप लागते, श्वास ताब्यात राहत नाही. त्यानंतर हातपाय नीट चालतात ते साधारण 10 मिनिटं. शुद्ध हरपायला तासभर लागतो, पण बोटं त्याच्या कितीतरी आधी निकामी होतात आणि पट्टीचा पोहणाराही बुडतो. म्हणून लाइफ जॅकेट अंगावर बांधलेलंच हवं, कयाकमध्ये (वल्ह्याच्या अरुंद होडीत) ठेवलेलं नव्हे, आणि आत वेटसूट (गार पाण्यात अंग उबदार ठेवणारा रबरी पोशाख). कपडे हवेकडे बघून नाही, पाण्याकडे बघून निवडा.

छोट्या तळ्यावरची उघडी, आखूड कयाक इथे आणू नका. स्प्रे स्कर्ट (बसायची जागा झाकून पाणी आत येऊ न देणारं आवरण) असलेली सी कयाक, म्हणजे मोठ्या पाण्यासाठीची लांब कयाक घ्या. उलटल्यावर परत चढण्याचा सराव आधी उथळ पाण्यात कराच. इथल्या किनाऱ्यावरच्या कड्यांमध्ये गुहा आहेत; त्या गुहांपाशी लाटा कड्यावर आपटून उलट्या येतात आणि तिथे किनाऱ्याला लागायला जागा नसते. उत्तरेचा वारा असेल तर बेत रद्द करा, पैसे गेले तरी चालतील.

मोबाइलच्या भरवशावर राहू नका, व्हीएचएफ रेडिओ (बोटींवर वापरतात तो वायरलेस) घ्या; मदतीसाठी हाक द्यायचा चॅनल 16. परतायची वेळ घरी सांगून जा. पहिल्यांदाच जात असाल तर गाइडसोबतच जा.